नकार नेमका कोणाचा?

पडद्याच्या कोपऱ्यातील बॅटरीच्या चिन्हावर कर्सर नेला की लॅपटॉप कधीकधी एक चमत्कारिक विधान करतो: प्लग जोडलेला आहे, चार्जिंग होत नाही. वीज पोहोचल्याची पोच यंत्राने दिलेली असते आणि त्याच दमात ती बॅटरीत भरणार नसल्याचेही कळवलेले असते. कारण तेवढे सांगायचे राहून जाते. अर्ज मिळाला, कार्यवाही होणार नाही, एवढ्याच मजकुराचे पत्र हाती पडावे तसे आपण न हलणाऱ्या टक्केवारीकडे पाहत बसतो. मग घरातील जाणकार व्यक्ती, आणि प्रत्येक घरात अशी एक तरी असतेच, कोणी न विचारता निदान करून टाकते: बॅटरी गेली.

हे निदान कधी बरोबर ठरते, कधी चुकते. घाईचे मात्र ते जवळजवळ नेहमीच असते. भिंतीतील सॉकेटपासून बॅटरीतील सेलपर्यंत विजेला जी वाट चालावी लागते, तिच्यावर ठिकठिकाणी पहारे आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकाला वीज अडवण्याचा अधिकार आहे. त्यामुळे बॅटरी बिघडली का, असे विचारण्याआधी नकार कोणी दिला, हे शोधावे, असे माझे मत आहे. बॅटरी या वाटेवर सर्वांत शेवटी येते आणि खर्चाच्या दृष्टीनेही तिला शेवटीच हात घालणे शहाणपणाचे असते.

सुरुवातीचे अडथळे अगदी साधे असतात. एक्स्टेन्शन बोर्डाचे बंद राहिलेले बटण, ॲडॉप्टरच्या ठोकळ्यात खोचलेली पण सैल होत गेलेली वायर, ॲडॉप्टरवरचा न पेटलेला दिवा, ही तपासणी इतकी किरकोळ आहे की ती करणे अनेकांना कमीपणाचे वाटते, आणि म्हणूनच ती राहून जाते. वायर एका ठरावीक कोनात वाकवून, तिच्याखाली एखादे पुस्तक सरकवून चार्जिंग चालू ठेवणारे कसबी लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर बाळगूनही सांगावे लागते की तो कोन म्हणजे आतून तुटत चाललेल्या तारेची किंवा मदरबोर्डापासून, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डापासून, सुटत चाललेल्या जॅकची खूण असते, आणि अशा अर्धवट जोडणीत ठिणगी व उष्णता दोन्ही निर्माण होऊ शकतात. यूएसबी-सी पोर्टमध्ये दाबून बसलेली धूळही प्लगला पूर्ण आत जाऊ देत नाही. लॅपटॉप बंद करून ती लाकडी काडीने हलकेच काढावी. टाचणी या कामाला वापरू नये.

ॲडॉप्टरपाशी आल्यावर प्रकरण रंगू लागते. तो केवळ वीज देत नाही, आपण किती वॅटचे आहोत हेही लॅपटॉपला सांगतो. काही कंपन्यांच्या गोल पिनच्या मधोमध जी बारीक सुई दिसते, ती याच कामासाठी असते. ती वाकली किंवा तुटली तर लॅपटॉप चालतो, पण ॲडॉप्टरची ओळख पटली नाही म्हणून बॅटरी चार्ज करण्याचे नाकारतो. यूएसबी-सीमध्ये तर हा संवाद बराच सविस्तर असतो. जोडणी होताच चार्जर प्रथम फक्त 5 व्होल्ट देतो, मग आपण 9, 15 किंवा 20 व्होल्टवर किती प्रवाह देऊ शकतो ते सांगतो, लॅपटॉप त्यातून एक पर्याय मागतो आणि मगच खरा पुरवठा सुरू होतो. या बोलण्यात केबललाही मत असते. 3 अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह न्यायचा असेल तर केबलमध्ये तिची क्षमता सांगणारी छोटी चिप असावी लागते. ती नसली की चार्जर कितीही दणकट असला तरी 20 व्होल्ट आणि 3 अँपिअर, म्हणजे 60 वॅट, यापुढे गाडी जात नाही. 5 अँपिअरची केबल 100 वॅटपर्यंत नेते, आणि 2021 साली सुधारलेल्या मानकानुसार 48 व्होल्टपर्यंत चढून 240 वॅट देण्याचीही सोय झाली आहे. बाहेरून या सर्व केबल सारख्याच दिसतात, ही या सोयीस्कर पोर्टची सर्वांत गैरसोयीची बाब आहे.

फोनचा 18 वॅटचा चार्जर लावून लॅपटॉप भरत नाही अशी तक्रार करणाऱ्याला हे गणित समजावून सांगता येते. साधे लेखन-वाचन करतानाही लॅपटॉप दहा-पंधरा वॅट सहज खातो. व्हिडिओ संपादन किंवा खेळ सुरू असेल तर ही भूक कित्येक पटींनी वाढते, आणि मग बॅटरीसाठी काहीच उरत नाही. यावर एक सोपी चाचणी आहे: लॅपटॉप पूर्ण बंद करावा, तसाच अर्धा-पाऊण तास जोडून ठेवावा आणि मग टक्केवारी पाहावी. ती वाढली असेल तर बॅटरी निर्दोष आहे, पुरवठा अपुरा आहे.

पुढचा नकार मात्र बॅटरीच्या हितासाठी दिलेला असतो, आणि तोच सर्वांत जास्त गैरसमज निर्माण करतो. लॅपटॉपमध्ये वापरली जाणारी लिथियम-आयन बॅटरी 1991 साली सोनीने बाजारात आणली आणि तिच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एवढ्या गुणी वस्तूला पूर्ण भरलेल्या अवस्थेत उन्हाळा सोसत बसणे मात्र मानवत नाही. प्रत्येक सेल साधारण 4.2 व्होल्टवर पूर्ण भरतो, आणि त्या टोकाला तो जितका जास्त काळ राहील तितका लवकर म्हातारा होतो. म्हणून बहुतेक कंपन्या 80 किंवा 60 टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सेटिंग देतात; ती कधी आपणच चालू करून विसरलेलो असतो, तर कधी लॅपटॉप आपल्या सवयी पाहून परस्पर चालू करतो. नेमक्या 80 वर अडलेली बॅटरी आजारी नसते, ती पथ्यावर असते. 97 टक्क्यांवरून 100 कडे न जाणारीही तशीच, कारण अनेक लॅपटॉप बॅटरी 95 च्या खाली आल्याशिवाय पुन्हा भरायला घेत नाहीत. तापमानाचाही येथे अधिकार चालतो: शून्य अंश सेल्सिअसखाली चार्जिंग केल्यास लिथियम धातूच्या रूपात सेलमधील ग्रॅफाइटच्या थरावर साचू लागते, आणि 45 अंशांच्या आसपास गेल्यावर सेलची झीज वाढते, म्हणून दोन्हीकडे दार बंद होते. उशीवर ठेवून, हवेची वाट बुजवून तापवलेला लॅपटॉप टेबलावर ठेवून थोडा निवू दिला की पुष्कळदा चार्जिंग आपोआप सुरू होते.

यांपैकी काहीच लागू पडत नसेल तर संशय मदरबोर्डावरील एम्बेडेड कंट्रोलरवर जातो. चार्जिंग, पंखा, पॉवर बटण यांचा कारभार पाहणारी ही चिप लॅपटॉप बंद केल्यावरही जागीच असते, त्यामुळे नुसते रीस्टार्ट करून तिचा गोंधळ मिटत नाही. ॲडॉप्टर काढून, बॅटरी निघत असल्यास तीही काढून, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरण्याचा जो उपाय मंत्रतंत्रासारखा सांगितला जातो, त्यामागचे कारण एवढेच आहे: या चिपची वीज पूर्ण तोडून तिला नव्याने सुरू करणे. आतच बसवलेल्या बॅटरीच्या काही लॅपटॉपमध्ये याच कामासाठी तळाशी टाचणी जाईल एवढे छिद्र ठेवलेले असते. दोष विंडोजचा आहे की यंत्राचा, हे बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ प्रणालीच्या, पडद्यावर जाऊन पाहता येते: तेथे चार्जिंग होताना दिसले तर विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजर या यादीतून बॅटरीची नोंद काढून रीस्टार्ट करावे, ती आपोआप पुन्हा बसते.

आता बॅटरीकडे वळण्यास हरकत नाही. विंडोज बॅटरीचा एक अहवाल तयार करून देते, ज्यात मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण क्षमता मिलीवॅट-तासांत शेजारी शेजारी लिहिलेली असते. 50,000 च्या जागी 22,000 उरले असतील तर वाद संपला. लॅपटॉप महिनोन्‌महिने कपाटात पडून सेल फारच खाली उतरला असेल, तर संरक्षक सर्किट तो भरू देत नाही, आणि ते योग्यच करते, कारण अशा सेलमधील तांब्याचा थर विरघळून आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. बाहेरून थेट वीज देऊन तो जिवंत करण्याचे प्रयोग करू नयेत. आत फुगलेल्या बॅटरीमुळे टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळाचे झाकण फुगले असेल, तर एकही चाचणी न करता लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा आणि बॅटरी दाबण्याचा किंवा टोचण्याचा विचारही न करता ती दुरुस्ती करणाऱ्याच्या हवाली करावी.

नवी बॅटरी घेताना लॅपटॉपच्या मॉडेलवर विसंबू नये; एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये कधीकधी वेगवेगळ्या बॅटऱ्या बसवलेल्या असतात, म्हणून जुनीवर छापलेला पार्ट नंबर जुळवावा. ती बसवल्यावर सुरुवातीला टक्केवारी थोडी भरकटते, 30 वरून एकदम 12 वर येते. बॅटरी पूर्ण उतरवून पूर्ण भरावी, हा निकेल-कॅडमियम या जुन्या प्रकारच्या बॅटऱ्यांच्या काळातला सल्ला लिथियमच्या सेलला लागू नाही, मात्र त्याच्यासोबतच्या, टक्केवारी मोजणाऱ्या चिपला हिशेब जुळवण्यासाठी अशी एक-दोन आवर्तने उपयोगी पडतात.