एका फरशीवर एकच माणूस

शाळेच्या सभागृहाबाहेरच्या भिंतीवर भाजलेल्या मातीच्या फरशांचं जे भित्तिशिल्प आहे, ते आमच्या तुकडीने केलेलं. स्मरणिकेसाठी लिहायचं ठरल्यावर मला दुसरा विषय सुचलाच नाही.

विषय होता युद्धात गेलेल्यांचं स्मरण. पहिल्या तासाला आमच्या वह्यांत रणगाडे, झेंडे आणि डोंगरमाथ्यावर उभे असलेले जवान आले. चित्रकलेच्या बाईंनी सगळ्या वह्या शांतपणे पाहिल्या आणि विचारलं, "यातला माणूस कोण आहे?" कुणालाच सांगता येईना. मग नियम ठरला. एका फरशीवर एकच माणूस, त्याचं पूर्ण नाव, आणि जिवंतपणी तो जे करायचा त्यातलं काहीतरी. शस्त्र काढायचं नाही.

ज्यांच्या घरातलं कुणी गेलं होतं त्यांनी ते नाव आणलं, इतरांनी ओळखीच्या कुटुंबांत जाऊन विचारलं. यात सगळेच सैनिक नव्हते. लढाईच्या तडाख्यात सापडलेली साधी माणसंही होती. माझ्या बाकावरच्या मित्राच्या चुलत आजोबांबद्दल घरात एवढंच उरलं होतं, की ते डाव्या हाताने लिहायचे. त्याने फरशीवर डाव्या हातात धरलेली पेन्सिल काढली. त्या भिंतीवरचं सगळ्यांत चांगलं काम मला आजही तेच वाटतं. माझ्या वाट्याला एक परिचारिका आली. घरी धाडलेल्या पत्रांच्या समासात ती चिमुकली पानंफुलं काढायची, असं तिच्या बहिणीने सांगितलं. मी तो समास कोरला.

मातीने आम्हाला घाई करू दिली नाही. वाळताना आणि भाजताना ती साधारण दहाव्या हिश्शाने आकसते, त्यामुळे बारीक कोरलेली अक्षरं बुजतात. कडा आधी वाळल्या तर फरशी वर उचलली जाते, म्हणून प्लास्टिकखाली झाकून सावकाश सुकवायची. आत ओल राहिली तर भट्टीत वाफेने ती फुटते. फुटलेल्या फरशीवरचं नाव पुन्हा पहिल्या अक्षरापासून कोरावं लागे. तेवढ्या वेळात ते नाव आणि त्या माणसाबद्दल ऐकलेलं सगळं पाठ होऊन जायचं. शाळांमध्ये अशी कला बहुतेक वेळा एका कार्यक्रमाची सजावट म्हणून होते आणि दुसऱ्या दिवशी उतरवली जाते. त्यात करणाऱ्याला कुणाची ओळख होत नाही, आणि माझ्या मते खरं नुकसान तेच आहे.

फरशा लावायच्या क्रमावरून मोठा वाद झाला. काहींना अकारविल्हे हवं होतं, काहींना हुद्द्याप्रमाणे. तेव्हा बाईंनी माया लिनबद्दल सांगितलं. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकासाठी १९८१मध्ये स्पर्धा झाली, तेव्हा ती येल विद्यापीठात वास्तुकला शिकणारी २१ वर्षांची विद्यार्थिनी होती. नावं झाकून तपासलेल्या १,४२१ आराखड्यांतून तिचा निवडला गेला. १९८२मध्ये उभ्या राहिलेल्या त्या काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर आज ५८,०००हून अधिक नावं आहेत. ती मृत्यूच्या तारखेप्रमाणे लावलेली आहेत, त्यामुळे एका दिवशी, एका ठिकाणी पडलेले सोबती भिंतीवरही जवळजवळ राहतात. हुद्दा लिहिलेलाच नाही. वाद तिथेच संपला. आम्हीही तारखेचा क्रम घेतला.

हिरोशिमात तर मुलांनी अशी कामं पुन्हापुन्हा केली आहेत. सदाको सासाकी अणुबाँबच्या किरणोत्सर्गातून झालेल्या रक्ताच्या कर्करोगाने १९५५मध्ये, १२ वर्षांची असताना गेली. तिच्या वर्गमित्रांनी स्मारकासाठी हाक दिली, देशभरातल्या शाळांतून पैसे आले आणि १९५८मध्ये मुलांचं शांतिस्मारक उभं राहिलं. तिथल्याच मोतोमाची हायस्कूलचे कलाशाखेचे विद्यार्थी २००७पासून बाँबहल्ल्यातून वाचलेल्यांना भेटून, त्यांच्या आठवणी ऐकून तैलचित्रं करतात. सांगणारी व्यक्ती चित्र पाहते, चुकलेलं दाखवते, विद्यार्थी पुन्हा रंगवतो. असं एक चित्र पुरं व्हायला बरेच महिने जातात. हे मी पुष्कळ नंतर वाचलं, आणि आमच्या बाई काय करून घेत होत्या ते तेव्हा नीट उमगलं.

महोत्सवानिमित्त भिंतींना रंग द्यायचा आहे असं कळलं, म्हणून एक विनंती. फरशांवर रंग किंवा वार्निश चढवू नये, कोरलेली अक्षरं त्याने भरून जातील. मऊ ब्रशने धूळ झाडून ओल्या फडक्याने पुसलं तरी पुरेल. आणि उजवीकडची जागा आम्ही मुद्दाम मोकळी ठेवली होती. आमच्याकडे आलेली सगळी नावं त्या वर्षी झाली नाहीत. उरलेल्यांची यादी माझ्याकडे आहे. आताच्या नववीच्या मुलांना माती मळायची असेल, तर ती यादी घेऊन मी कधीही यायला तयार आहे.