शाहीर राम जोश्यांवर परत सिनेमा काढा, पण खरा काढा

लेखक-कलावंतांवरचे सिनेमे मी सहसा सोडत नाही, आणि आता माझं पक्कं मत झालंय की असला सिनेमा प्रामाणिक आहे का नाही ते बघायचं असेल तर हिरोकडे बघायचंच नाही, त्याच्या घरच्यांकडे बघायचं. रात्री पिऊन आला हे सगळेच दाखवतात, पण दार उघडणाऱ्या माणसाच्या तोंडावर कॅमेरा किती वेळ थांबला?

'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' (2018) लागला तेव्हा आख्खं थेटर शिट्ट्या मारत होतं, 'अश्रूंची झाली फुले' नाटकातल्या घाणेकरांच्या लाल्याच्या 'उसमें क्या है'ला तर विचारूच नका. सुबोध भावेचं काम कडक आहे, वाद नाही. पण पिच्चर सुटल्यावर पोरं बोलत होती ती सगळी घाणेकरांच्या ऐटीबद्दल; त्यांच्या पहिल्या बायकोबद्दल, म्हणजे इरावतीबाईंबद्दल, एक शब्द नाही. व्यसनसुद्धा स्टाईलमध्ये दाखवलं की असंच होणार ना.

मला विचाराल तर या बाबतीत अजूनही पहिला नंबर 'भूमिका'चाच (1977). अभिनेत्री हंसा वाडकरांनी 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रात स्वतःची दारू, संसाराचं वाटोळं, पुरुष, सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं आणि त्यावरून हा सिनेमा काढताना श्याम बेनेगलांनी ते गुळगुळीत केलं नाही. स्मिता पाटीलची उषा चिडते, पिते, पोरीला मागं ठेवून निघून जाते, तरी आपण तिच्या बाजूनंच राहतो, आणि तिची बाजू घेतानासुद्धा त्या पोरीकडं डोळेझाक करता येत नाही, हे फार अवघड काम आहे. नवऱ्याला सोडून ती ज्या श्रीमंत काळेकडे राहायला जाते, त्याच्या वाड्यातला तो प्रसंग आठवा, तिला काळेच्या पोराला घेऊन जवळच्या जत्रेला जायचंय, बास एवढंच, आणि तेव्हा कळतं की या घरातनं बाहेर पडायची परवानगीच नाही. गड्ड्याच्या यात्रेवर वाढलेल्या आम्हा सोलापूरकरांना तर ते जास्तच लागतं. आणि सोडवायला शेवटी कोण येतं, तर ज्याला सोडून ती निघाली तोच नवरा, पोलीस घेऊन! इथं कुणीच धुतल्या तांदळासारखं नाही.

आणि याच हंसाबाई 1947 च्या 'लोकशाहीर राम जोशी' सिनेमात बया नावाची तमासगीर बाई झाल्या होत्या, राम जोशी झालेल्या जयराम शिलेदारांबरोबर. राम जोशी म्हणजे पेशवाईतला शाहीर, आपल्या सोलापूरचा माणूस हो! गावचं जोशीपण, म्हणजे पौरोहित्य, असलेलं घर, थोरला भाऊ मुद्गल पुराणिक, आणि हा तमाशाच्या फडात. भावानं घराबाहेर काढला, मग पंढरपूरला जाऊन शिकला, कीर्तनं केली, आणि पुन्हा तमाशाकडं वळला. 'सुंदरा मनामधि भरली' लिहिणारा हात आणि 'हटातटाने पटा रंगवुनि' म्हणून ढोंगी बुवांना झोडणारा हात एकच, आणि त्याच हाताला पैसा काही टिकला नाही.

यावर आजच्या काळात नवीन सिनेमा व्हायलाच पाहिजे. लावण्या भरपूर असू द्या, त्यातलं संस्कृत-कानडी तसंच राहू द्या. पण मुद्गलला व्हिलन करू नका. दिवसा देवळात पुराण सांगायचं आणि रात्री सख्खा भाऊ फडावर उभा, गावात तोंड कुठं लपवायचं त्यानं? घराबाहेर काढल्यावर त्या रात्री घरात जेवायला कोण बसलं असेल, कोण नसेल, मला तो सीन बघायचाय.