आमची वाटचाल: डब्यासारख्या आवाजापासून घुमाऱ्यापर्यंत

आमच्याकडे आधी फक्त ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या अंगाच्या गिटार, बनायच्या. मग एक ग्राहक बाई आल्या. मोठी गिटार कवेत घेतली की त्यांचा खांदा भरून यायचा. त्यांना लहान हवी होती. आम्ही लगेच हो म्हटलं, मोठ्या गिटारचा आराखडा घेतला, बाह्यरेषा आखडली आणि आतून आधार देणाऱ्या ब्रेसच्या पट्ट्या होत्या त्याच उंचीच्या ठेवल्या. गिटार दिसायला देखणी झाली. बाईंनी ती पाचेक मिनिटं वाजवली आणि हळूच म्हणाल्या, “छान आहे, पण घुमत नाही हो.” खरं होतं. आवाज डब्यासारखा होता, खर्ज तर नव्हताच. आम्ही ती परत घेतली.

चूक कळायला बरेच दिवस गेले. सहा पोलादी तारा मिळून ब्रिजला, म्हणजे तारा अडकवलेल्या लाकडी तुकड्याला, 70 किलोच्या आसपास ओढतात आणि स्प्रूस या लाकडाची वरची पाटी असते जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची. ब्रेस नसतील तर ती वाकणारच. पण पाटी लहान केली की ती मुळातच ताठ होते. त्यात पट्ट्याही जुन्याच उंचीच्या ठेवल्या तर ती हलणार कशी? पट्टीचा ताठपणा उंचीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. 12 मिलिमीटरची पट्टी 11 वर आणली तर लाकूड बाराव्या हिश्श्याने कमी होतं, ताठपणा मात्र जवळजवळ पावपट उतरतो. हे गणित कागदावर मला पाठ होतं, हाताला मात्र ठाऊक नव्हतं.

हाताला ते शिकवलं आमच्याकडच्या काकांनी. त्यांची हयात फर्निचरच्या कामात गेलेली. पाटी दोन बोटांत लोंबती धरायची, कानाजवळ न्यायची, टिचकी मारायची. मग एक्सच्या आकारात बसवलेल्या ब्रेसच्या खालच्या फाट्यावरून पटाशीने कागदासारखी पातळ साल काढायची आणि पुन्हा टिचकी. आधी नुसतं ‘ठक’ येतं. साली पडत जातात तसा त्या ‘ठक’ला शेपूट फुटतं, नाद थोडा रेंगाळतो. काका म्हणायचे, “आता थांबा. अजून एक साल काढावीशी वाटते ना, तिथेच थांबा.”

मी एकदा थांबलो नाही. आवाज इतका खुलला होता की मोह आवरला नाही. सहा-सात महिन्यांनी ती गिटार परत आली. ब्रिजच्या मागे पाटी फुगलेली, साउंडहोलच्या, म्हणजे पाटीतल्या गोल भोकाच्या, बाजूला दबलेली, तारा इतक्या वर चढलेल्या की दाबताना बोटं दुखावीत. त्या ग्राहकाला आम्ही दुसरी गिटार करून दिली. तेव्हापासून प्रत्येक पाटीचं वजन, जाडी, ब्रेसची उंची आणि ठरावीक वजन ठेवल्यावर ती किती वाकते, हे सगळं वहीत लिहितो. कारण एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या निघत नाहीत.

नंतर आराखडाच नव्याने केला. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, 645 वरून 630 मिलिमीटरवर आणली, त्यामुळे त्याच तारांचा ताण सुमारे साडेचार टक्क्यांनी उतरला आणि ब्रेस हलके करायला मोकळीक मिळाली. नेक, म्हणजे गिटारची मान, पेटीला चौदाव्याऐवजी बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) जोडली. त्यामुळे ब्रिज जवळजवळ 3 सेंटिमीटर खाली, रुंद भागाच्या मध्याकडे सरकला, जिथे पाटी सगळ्यात मोकळेपणाने हलते. साउंडहोल 100 ऐवजी 92 मिलिमीटरचं केलं, कारण पेटीत हवा कमी असली की तिचा स्वर वर चढतो आणि भोक लहान केलं की तो पुन्हा थोडा खाली येतो. हरवलेला खर्ज सगळा नाही, पण बराचसा परत आला.

पाठीला आणि बाजूंना महागडं लाकूड का वापरत नाही, असं लोक विचारतात. त्यांना मी आंतोनियो दे तोरेस यांचं उदाहरण देतो. स्पेनच्या या कारागिराने 1862 मध्ये पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या असलेली गिटार केली होती, पाटीचं महत्त्व दाखवायला. आमचा वेळ आणि पैसा आम्ही पाटीवरच घालतो.

त्या बाई पुन्हा आल्या आणि अकरावी गिटार घेऊन गेल्या. पहिली अजून भिंतीवर आहे. नवीन मुलगा कामाला लागला की आधी तिच्यावर टिचकी मारून ऐकतो. सध्या एक्सचा कोन थोडा उघडून दोन पाट्या केल्या आहेत. सरस वाळतो आहे, पुढच्या आठवड्यात पेट्या बंद होतील.