तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे आम्ही कुठल्या वर्गातले?

लंडनहून वाईला गेले की हा प्रश्न हमखास येतो. पूर्वी लोक राणीबद्दल विचारायचे. आता 'डाउनटन ॲबी' ही जुन्या ब्रिटिश महालातली मालिका मोबाइलवर पाहिलेली असते, त्यामुळे विचारतात, "वर साहेबलोक, खाली नोकर, असं तिकडे अजून असतं का हो?" यंदा मावसबहिणीच्या सुनेने त्याला पुढचा प्रश्न जोडला. "मावशी, मग तुम्ही त्यात कुठे बसता?" रिक्षा दारात उभी होती, मी नुसती हसले आणि निघाले. प्रश्न चांगला होता, त्याला हसण्यावारी न्यायला नको होतं. म्हणून हे लिहिते आहे.

मी १९८९ मध्ये लग्न करून लंडनला आले आणि तीन महिन्यांत विल्सडेनमधल्या एका पेपरच्या दुकानात कामाला लागले. मालक केनियातून आलेले गुजराती, त्यांना सगळेच काका म्हणत. पहाटे वर्तमानपत्रांचे आणि मासिकांचे गठ्ठे दारात येऊन पडलेले असायचे. ते फोडायचे, मोजायचे आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांचे अंक कोपऱ्यावर पेन्सिलीने घरनंबर घालून बाजूला काढायचे. ब्रिटनमधला वर्ग मला त्या पेन्सिलीने शिकवला.

'कंट्री लाइफ'चा एकच अंक यायचा. १८९७ पासून निघणारं साप्ताहिक. उघडलं की आधी पानंच्या पानं घरांच्या जाहिराती, म्हणजे वाडे, कुरणं, तळी, तबेले. मग पानभर फोटो, बहुधा एखाद्या घरंदाज तरुणीचा. 'टॅटलर' या उच्चभ्रूंच्या मासिकाचाही एकच. 'द लेडी'चे तीन. हे १८८५ पासूनचं साप्ताहिक २०२५ मध्ये बंद पडलं तेव्हा मला वाईट वाटलं, कारण 'वर' आणि 'खाली' या दोन्ही मजल्यांची माणसं मला त्या एकाच अंकात भेटली होती. पुढच्या पानांवर बागा आणि शिष्टाचार, मागच्या पानांवर मुलांना सांभाळायला बाई हवी, स्वयंपाकीण हवी, वृद्धेला सोबत हवी. आमच्या तीन गिऱ्हाइकांतल्या दोघी मागच्या पानांसाठी तो घेत. काउंटरवरच तिथे उघडत आणि बोटाने जाहिराती खाली खाली वाचत जात. डाउनटनचं उत्तर तुम्हाला इथेच मिळेल: तसे महाल आहेत, आणि नोकरही आहेत. फक्त आता नोकर खालच्या मजल्यावर राहत नाहीत, बसने येतात.

खपायचं ते निराळंच. 'टेक अ ब्रेक' १९९० मध्ये सुरू झालं आणि बघता बघता त्याचे पंचवीस अंक लागू लागले. त्यात बायका आपल्या आयुष्यात घडलेलं सांगत, त्याचे पैसेही मिळत. शिवाय बक्षिसांची कोडी. 'हॅलो'मध्ये राजघराणी आणि नट-नट्या आपापल्या दिवाणखान्यात बसलेल्या. गंमत अशी की 'हॅलो' घेणारी बाई 'टेक अ ब्रेक'ही घ्यायची, पण 'टॅटलर' घेणारे गृहस्थ 'टेक अ ब्रेक'ला हातसुद्धा लावत नसत. खालून वर बघायला मोकळीक होती, वरून खाली बघायला मात्र टीव्ही लागायचा.

टीव्हीचंही तेच. १ मार्च १९९१ पर्यंत बीबीसीचे कार्यक्रम फक्त 'रेडिओ टाइम्स'मध्ये छापून येत आणि जाहिरातींवर चालणाऱ्या आयटीव्हीचे फक्त 'टीव्ही टाइम्स'मध्ये. आठवडाभराचं सगळं हवं तर दोन्ही विकत घ्या. त्यामुळे कुठल्या घरात काय बघतात हे आम्हाला पाठ असायचं. एक शिक्षिका यायच्या, त्यांना मी एकदा सहज 'टीव्ही टाइम्स' पुढे केला. "आमच्याकडे आयटीव्ही लावत नाहीत," त्या म्हणाल्या. रागावून नाही, अगदी सौम्यपणे. वाईत काही घरांत "आमच्याकडे कांदा-लसूण नसतो" असं सांगतात ना, हुबेहूब तो स्वर. मला त्या क्षणी या देशाबद्दल फार काही उलगडलं.

पुढे कळलं की माझ्या पेन्सिलीचं काम कुणीतरी फार मोठ्या प्रमाणावर आधीच करून ठेवलं होतं. १९५६ मध्ये नॅशनल रीडरशिप सर्व्हे नावाची पाहणी सुरू झाली. कोणतं वर्तमानपत्र, कोणतं मासिक कोणत्या घरात जातं हे जाहिरात देणाऱ्यांना कळावं, हा तिचा हेतू. घरातल्या मुख्य कमावत्या माणसाच्या कामावरून घराला अक्षर मिळे: ए, बी, सी वन, सी टू, डी, ई. ए सर्वांत वरचं, ई सर्वांत खालचं. आजही निवडणुकीच्या चाचण्या हीच अक्षरं वापरतात. साबण कुणाला विकायचा हे ठरवायला केलेली वर्गवारी एका देशाला स्वतःची ओळख सांगू लागली, हे मला अजूनही अस्वस्थ करतं. आमच्याकडे 'पीपल्स फ्रेंड' हे साप्ताहिक न्यायला एक आजी यायच्या. आयुष्यभर शिवणकाम केलेलं, नवरा गेल्यावर फक्त सरकारी पेन्शन. त्यांचं अक्षर ई, बेकारांच्या रांगेतलं.

बोलण्यावरून माणूस जोखण्याची रीत आपल्याला नवी नाही. 'पाणी'च्या जागी 'पानी' म्हटलं की पुण्यात भुवई कशी वर जाते ते मी कॉलेजात भोगलं आहे. इंग्रजीतल्या या न-णची यादीच १९५५ मध्ये 'एन्काउंटर' मासिकातल्या नॅन्सी मिटफर्ड या लेखिकेच्या लेखाने घरोघरी नेली. जेवणाच्या मेजावरच्या रुमालाला 'नॅपकिन' म्हणणारे वरचे, 'सर्व्हिएट' म्हणणारे वर जाऊ पाहणारे. त्या धडपडीवरच बीबीसीची 'कीपिंग अप अपिअरन्सेस' ही विनोदी मालिका उभी होती, १९९० ते १९९५. आडनाव 'बकेट', पण बाई सगळ्यांना 'बुके' म्हणायला लावणार. आमच्याकडे सगळे खदाखदा हसायचे. मला मात्र त्या बाईची कणव यायची. माझा नवरा साताऱ्याला ड्राफ्ट्समन होता, लंडनमध्ये बसवर ड्रायव्हर झाला, आणि माझी आई आळीत सांगायची, "जावई ट्रान्सपोर्टमध्ये आहेत." खोटं नव्हतं ते. पण तेही 'बुके'च होतं, आणि त्यामागची भीती मला ओळखीची होती.

साध्या माणसांची घरं पडद्यावर नव्हती असं नाही. 'कोरोनेशन स्ट्रीट' ९ डिसेंबर १९६० पासून चालू आहे: मँचेस्टरकडची विटांची चाळवजा घरं, कोपऱ्यावर पब. लंडनच्या ईस्ट एंड या कामगारवस्तीवरची 'ईस्टएंडर्स' १९८५ ची. या दोन मालिकांनी कामकरी माणसाला नायक केलं, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती 'सेव्हन अप' या माहितीपटात सर्वांत स्पष्ट दिसते. १९६४ मध्ये ग्रॅनाडा टेलिव्हिजनने सात वर्षांची चौदा मुलं निवडली, काही श्रीमंत शाळांतली, काही ईस्ट एंडमधली, काही अनाथाश्रमातली, आणि त्यांना बोलतं केलं. एक सात वर्षांचा मुलगा शांतपणे सांगतो की तो 'फायनान्शियल टाइम्स' हे अर्थविषयक वर्तमानपत्र वाचतो. मग दर सात वर्षांनी कॅमेरा पुन्हा त्यांच्या दारात. मायकेल ॲप्टेड पहिल्या भागात संशोधक होते, पुढचे भाग त्यांनी दिग्दर्शित केले. २०१९ मध्ये ती मुलं त्रेसष्टची झालेली दिसली आणि २०२१ मध्ये ॲप्टेड गेले. वर्ग जन्मभर कसा चिकटून राहतो हे दाखवण्यासाठी इतकं चिवट काम दुसरं मला माहीत नाही. तरीही त्या चौदांत मुली चारच होत्या, आणि गोरा नसलेला मुलगा एकच.

त्यातली जॅकी ईस्ट एंडची. २००५ च्या भागात, एकोणपन्नासाव्या वर्षी, ती ॲप्टेड यांना कॅमेऱ्यासमोर धारेवर धरते. तुम्ही आम्हाला जे समजता तेच आजवर दाखवत आलात, असा तिचा मुद्दा. ते दृश्य पाहताना मी सोफ्यावरून उठून उभी राहिले होते. बेचाळीस वर्षं एक बाई दुसऱ्याच्या नजरेतून देशाला दिसत आली आणि शेवटी ती नजर तिने हाताने बाजूला केली. ॲप्टेड यांनी ते कापून टाकलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

प्रत्येकाच्या वाट्याला जॅकीसारखी पुन्हा पुन्हा बोलायची संधी येत नाही. जानेवारी २०१४ मध्ये चॅनल फोरने 'बेनिफिट्स स्ट्रीट' दाखवली, बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीनमधल्या जेम्स टर्नर स्ट्रीटवरची. तिथल्या काही रहिवाशांनी नंतर सांगितलं की कार्यक्रम शेजारधर्माबद्दल आहे असं त्यांना सांगण्यात आलं होतं. नाव मात्र सरकारी भत्त्यावरून. एका खऱ्या रस्त्यावरच्या खऱ्या माणसांच्या घराला असं नाव देणं मला क्रूर वाटलं, आजही वाटतं. तो रस्ता आठवला की तिथल्या मुलांना शाळेत काय ऐकावं लागलं असेल, हाच विचार माझ्या मनात येतो.

आता आम्ही कुठे? पडद्यावर आमच्या लोकांचा रंग दिसला, धर्म दिसला, लग्नं दिसली. काम फारसं दिसलं नाही. दिसलं ते दुकान. 'ईस्टएंडर्स'मध्ये सुरुवातीपासून सईद आणि नईमा हे बांगलादेशी जोडपं होतं, त्यांचं किराणा दुकान. 'कोरोनेशन स्ट्रीट'मध्ये १९९९ साली देव नावाचं पात्र आलं, त्याचंही दुकान. दुकानात मी राबले आहे, त्यामुळे दुकानाची मला लाज नाही. पण पडद्यावरचा भारतीय नेहमी गल्ल्यावर बसलेला मालक. त्याच्यामागे गठ्ठे फोडणारी बाई कुठे आहे? १९९८ मध्ये 'गुडनेस ग्रेशस मी' ही आमच्याच लोकांची विनोदी मालिका टीव्हीवर आली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी आतून बोलतंय. त्यात एक कपूर कुटुंब स्वतःला 'कूपर' म्हणवून घेतं आणि इंग्रजांहून इंग्रज व्हायला बघतं. आमच्यातही वर्ग आहेत, चढाओढ आहे, लपवाछपवी आहे, हे त्यांनी उघड सांगितलं.

आमच्या बायका कामगार म्हणून टीव्हीवर दिसल्या त्या मी येण्याच्या आधी, आणि माझ्या दुकानापासून जवळच. डॉलिस हिल स्टेशनजवळ ग्रनविक नावाचा, टपालाने आलेले फोटो धुऊन देणारा कारखाना होता. ऑगस्ट १९७६ मध्ये जयाबेन देसाई तिथून बाहेर पडल्या आणि संप सुरू झाला. संपावरच्या बहुतेक बायका पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती. १९७७ च्या उन्हाळ्यात देशभरातून हजारो कामगार त्यांच्या पाठीशी फाटकावर आले, क्रिकलवुडच्या टपाल कामगारांनी कारखान्याचं टपाल उचलायला नकार दिला. जुलै १९७८ मध्ये संप हरला, नोकऱ्या परत मिळाल्या नाहीत. वर्तमानपत्रांनी त्यांना 'साडीतल्या संपकरी' म्हटलं. साडी आधी, संप नंतर. आमच्या दुकानात एक बेन यायच्या, त्या एकदा सुट्टे पैसे मोजता मोजता म्हणाल्या, "मीही होते त्या फाटकावर." त्यानंतर त्यांचा अंक मी नेहमी स्वतः हातात द्यायचे. 'गोरा कामगार वर्ग' हा शब्दप्रयोग टीव्हीवरच्या चर्चेत ऐकला की मला त्या आठवतात. कामगार म्हणजे गोरे आणि आपण म्हणजे नुसता 'समाज', 'कम्युनिटी', अशी वाटणी कुणी आणि कधी केली?

२०११ मध्ये बीबीसीने वर्गाची मोठी पाहणी केली, एक लाख एकसष्ट हजार लोकांनी ती भरली. २०१३ मध्ये निकाल आले: वरचा, मधला, कामगार या तीनऐवजी सात वर्ग. तुमचा वर्ग मोजून देणारी प्रश्नावली लेकीने मला उघडून दिली. घर, बचत, मग प्रश्न असा की तुमची ऊठबस कुणात आहे. इथे मी अडले. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, त्याची वास्तू डॉलिस हिललाच. गणपतीत तिथे माझ्या एका बाजूला सर्जन बसतात, दुसऱ्या बाजूला एक वकीलबाई, आणि वाढायला कधी मी असते, कधी त्या. मंडळातली माणसं धरून मोजलं तर मी एका वर्गात निघाले, वगळून मोजलं तर त्याच्या बऱ्याच खाली. दोन्ही उत्तरं मी एका वहीत लिहून ठेवली आहेत.

गेल्या वर्षी लेकीने एका टीव्ही कंपनीत नोकरीसाठी अर्ज केला. हल्ली अर्जात विचारतात, तुम्ही चौदा वर्षांच्या असताना घरात मुख्य कमाई करणाऱ्याचं काम काय होतं. तिने फोन केला. "आई, यादीत छोटे व्यावसायिक म्हणून कॉर्नर शॉपचे मालक आहेत. दुकान लिहू?"

"दुकान काकांचं होतं," मी म्हटलं. "मी कामाला होते. आणि बाबांचा पगार माझ्याहून जास्त होता. बाबा बस चालवायचे."

तिने खालची ओळ वाचून दाखवली: सुरक्षारक्षक, शेतमजूर, सेल्स असिस्टंट, ट्रकचालक, सफाई कामगार, हमाल. "ही?"

"हीच. कर खूण."