नावाचे दुमडलेले पान

आमच्या वेळी आठवीत गेल्यावर वार्षिक परीक्षेच्या गुणांवरून तुकड्या पाडल्या जात आणि मी 'ड' तुकडीत होते. आमच्यापैकी कोणाचे भूमितीतले अवघड प्रमेय बरोबर आले, तर 'कोणाचे पाहून लिहिलेस?' हा प्रश्न ठरलेला असे. 'अ' तुकडीतल्या मुलाचे चुकले, तर मात्र 'घाई नडली' एवढ्यावर भागत असे. असे म्हणणारे शिक्षक मायाळू होते, शाळा सुटल्यावर थांबून शिकवत, आणि आपण दुजाभाव करतो आहोत हे त्यांच्या गावीही नव्हते.

अपवाद मराठीच्या बाईंचा. उत्तरपत्रिकेवरचे नावाचे पान त्या मागे दुमडून टाचणी लावत, दोन्ही तुकड्यांचे गठ्ठे एकत्र मिसळत आणि मगच लाल पेन उघडत. आम्हाला तो विक्षिप्तपणा वाटे. शिक्षकखोलीतही त्याची थट्टा होत असावी.

पुढे बी.एड. करताना रॉबर्ट रोझेंथाल व लेनोर जेकबसन यांचा १९६८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग अभ्यासाला होता. कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत सुमारे २० टक्के मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून, ही यंदा झेप घेणार असे त्यांनी शिक्षकांना सांगितले आणि वर्षअखेर पहिली-दुसरीतल्या त्या मुलांची बुद्धिमापनातील प्रगती इतरांहून अधिक दिसली. त्यावर पुढे बरेच वाद झाले. मला अधिक अस्वस्थ केले ते रेमा हॅना व ली लिंडेन यांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतातील अभ्यासाने. उत्तरपत्रिकांवर जातीची नोंद यदृच्छेने बदलून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा कनिष्ठ मानलेल्या जातीची नोंद असलेल्या मुलांना थोडे कमी गुण पडले. आणि हा फरक मुख्यतः त्याच जातींतून आलेल्या परीक्षकांच्या हातून झाला होता. म्हणजे हा दोष फक्त 'वरच्यां'च्या माथी मारून सुटका नाही.

बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते. तोंडी परीक्षेत मात्र मूल समोर उभे असते आणि 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हणणाऱ्याचे उत्तर, आशय चोख असूनही, कानाला कच्चे वाटते. म्हणून माझ्या वर्गाच्या तोंडी परीक्षेला दोन शिक्षक बसतात आणि आपसांत बोलण्यापूर्वी आपापले गुण कागदावर लिहितात. दोघांचे कान एकाच वळणाचे असतील तर उपयोग नाही, म्हणून दुसरा शिक्षक मी मुद्दाम वेगळ्या भागातून आलेला घेते. आपल्या शाळेनेही येत्या सहामाहीपासून हे करून पाहावे, अशी विनंती मी मुख्याध्यापकांकडे केली आहे.