कुत्र्यांसाठी नाचणी-भोपळा बिस्किटं: गोव्यातल्या फोंड्यातल्या पावसाळी घाण्यांच्या नोंदी

मे अखेर: मूळ प्रमाण

पुढचा सगळा हिशोब या प्रमाणावर उभा आहे, म्हणून आधी तेच. नाचणीचं पीठ 150 ग्रॅम, तांदळाचं पीठ 50, वाफवून चाळणीतून काढलेला तांबड्या भोपळ्याचा गर 110, एक अंडं (टरफलाशिवाय साधारण 50 ग्रॅम), खोबरेल तेल 10. एकूण गोळा 370 ग्रॅम. मीठ, गूळ, सोडा काहीही नाही. नाचणी पुरुमेंताबरोबरच (पावसाळ्याच्या बेगमीबरोबरच) घेऊन, उन्हात खडखडीत करून दळून ठेवलेली बरी. जुलैत सुटं विकत घेतलेलं पीठ अनेकदा कोंदट वासाचं निघतं, आणि तो वास भाजून जात नाही.

नाचणीला चिकटपणा नसतो, त्यामुळे नुसतं मळून लाटलं की कडा फाटतात. त्यावर इलाज भाकरीचाच: उकड काढायची. गर पातेल्यात मंद आचेवर रटरटू लागला की दोन्ही पिठं घालून उलथन्याच्या दांड्याने कालवायचं, एक वाफ आणायची, गॅस बंद करून दहा मिनिटं झाकायचं. मग तेल घालून मळायचं. अंडं मात्र गोळा कोमट झाल्यावरच, नाहीतर पांढरे तुकडे होतात. वाफेत पाच-दहा ग्रॅम पाणी उडतं. गोळा वजन करून तेवढं पाणी परत घालायचं आणि 370 वर आणायचं.

लाटणं दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये, दोन्ही बाजूंना 5 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ठेवून. जाडी एकसारखी नसेल तर कडेचे तुकडे करपतात आणि मधले कच्चे राहतात. 2 सेंटिमीटरचे चौकोन सुरीने पाडायचे, प्रत्येकाला काट्याने आरपार टोचायचं. हाडाच्या आकाराचे साचे फोटोत छान दिसतात, पण त्यांच्या निमुळत्या भागाचा मात्र दरवेळी कोळसा होतो.

ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) 160 अंशांवर, मधली जाळी, वरखाली दोन्ही कॉइल चालू, 25 मिनिटं, पंधराव्या मिनिटाला ट्रे फिरवून. डायलवर विश्वास ठेवू नये. आत टांगायचा साधा ओव्हन थर्मामीटर घ्यावा. डायल आणि आतलं तापमान यांत 15-20 अंशांचा फरक नेहमीचाच.

मृग: डब्यात मऊ पडणं

कोरड्या दिवसांत वरच्या पद्धतीने भागतं. पाऊस लागला की तीच बिस्किटं ओव्हनमधून कडक निघतात आणि दुसऱ्या सकाळी चामट होतात. दोष सहसा हवेला दिला जातो, पण कारणं दोन आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे. एक म्हणजे बाहेरची ओल आत शिरणं. दुसरं म्हणजे गाभ्यात राहिलेलं पाणी रात्रभरात कवचाकडे सरकणं. कुठलं ते ओळखायला गार झालेले चार तुकडे झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करायचे, चार ताटलीत उघडे ठेवायचे. पिशवीतलेही मऊ पडले तर दोष हवेचा नाही, भाजणीचा.

इथे प्रत्येक वेळी पिशवीतलेही मऊ पडतात.

नाचणी मुळातच तपकिरी, त्यामुळे रंगावरून भाजणी कळत नाही. वजनावरून कळते. 370 ग्रॅम गोळ्यात पाणी साधारण 159 ग्रॅम: भोपळ्यातलं 100, अंड्यातलं 37, पिठातलं 22. उरलेला सुका ऐवज 211 ग्रॅम. बिस्किटात 8 टक्के पाणी ठेवायचं तर शेवटचं वजन 229 ग्रॅम यायला हवं. 248 ला आतमध्ये 15 टक्के ओल असते, तरी वरून ते टणकच लागतं. फसवणूक होते ती इथे. पावसाळ्यात बुरशीला एवढी ओल पुरते. म्हणून रिकाम्या ट्रेचं वजन आधी लिहून ठेवायचं आणि भाजल्यावर ट्रेसकट वजनकाट्यावर ठेवायचं.

आर्द्रा: दुसरी भाजणी

160 वर वेळ वाढवून उपयोग नाही, खालची बाजू करपते आणि गाभा तसाच राहतो. त्याऐवजी 25 मिनिटांनंतर तुकडे सुटे करून उलटायचे, तापमान 100 वर आणायचं, पंखा असेल तर लावायचा, दाराच्या फटीत लाकडी चमचा अडकवायचा. फट नसेल तर वाफ आतच कोंडते. काचेवर थेंब दिसले तर समजून जावं. तासाने पहिलं वजन, मग दर पंधरा मिनिटांनी. दीड तासाच्या आसपास 229 चा आकडा येतो. लागोपाठ दोन वजनांत फरक नगण्य झाला की थांबायचं.

बिस्किटं बाहेर काढून जाळीवर गार करायची पद्धत इथे जुलैत चालत नाही. घरातला आर्द्रतामापक 85 च्या खाली क्वचितच उतरतो; तासाभरात तुकडे ओल ओढतात. ओव्हन बंद करून दार लावायचं, आतच कोमट होऊ द्यायचं आणि थेट बरणीत भरायचं. गरम भरली तर झाकणाला आतून घाम येतो.

वीज गेली तर? पहिली भाजणी पूर्ण झाली असेल तर दार बंद ठेवून दोनेक तास थांबता येतं. त्याहून उशीर होणार असेल तर तुकडे फ्रिजमध्ये, आणि वीज आल्यावर सुकवणी पुढे चालू.

साठवण

स्टीलच्या डब्याचं झाकण पावसाळ्यात बिनकामाचं. रबराची चकती असलेली काचेची बरणी घ्यावी. रोजच्या खाऊची एक लहान बरणी वेगळी, म्हणजे मोठी वारंवार उघडत नाही. सिलिका जेलची पुडी कुत्र्याच्या खाऊत नकोच. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. कोरडे भाजलेले तांदूळ कापडाच्या पुरचुंडीत तळाशी ठेवले तर थोडी ओल ओढतात, फार अपेक्षा ठेवू नये. एका तुकड्यावर जरी पांढरी लव दिसली तरी अख्खी बरणी फेकायची. खरवडून किंवा पुन्हा भाजून बुरशीचं विष नाहीसं होत नाही.

किती द्यायची

वरच्या गोळ्याचे साधारण 155 तुकडे होतात, एकूण सुमारे 840 किलोकॅलरी, म्हणजे तुकड्याला साडेपाच. खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांपर्यंत असावा. नसबंदी झालेल्या 10 किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला अंदाजे 630 लागतात, तेव्हा त्याला अकरा तुकडे पुष्कळ झाले, आणि तेवढं जेवण कमी करायचं. स्वादुपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याच्या घाण्यात खोबरेल तेल वगळावं. पीनट बटर घालणाऱ्यांनी लेबल वाचावं: झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) असेल तर ती बाटली कुत्र्यापासून लांबच. कांदा-लसूण, मनुका, चॉकलेट कुत्र्याला वर्ज्य हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण पोदेराच्या (पाववाल्याच्या) पोईची, म्हणजे इथल्या पावाची, नक्कल करायला यीस्टचं पीठ फुगत ठेवलं असेल तर तेही उंचावर ठेवा. कच्चं पीठ पोटात फुगत राहतं आणि त्यातून अल्कोहोल तयार होतं.

मासेमारी बंदीचे दोन महिने

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद, त्यामुळे मासळीची बिस्किटं करायची तर हाताशी खारे बांगडे आणि सुकट उरतात. दोन्ही नकोत, भिजवूनही मीठ पुरेसं उतरत नाही. या काळात कोंबडीची कलेजी बरी. 250 ग्रॅम कलेजी, 100 ग्रॅम तांदळाचं पीठ, एक अंडं, मिक्सरमधून काढून 170 अंशांवर 25 मिनिटं. प्रोब थर्मामीटर मध्यभागी 74 अंश दाखवायला हवा. 1 सेंटिमीटरचे तुकडे करून फ्रीझरमध्ये. ही मऊच राहते, बरणीत टिकत नाही. फ्रिजमध्ये तीन दिवस. कलेजीत अ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते शरीरात साठतं, म्हणून हा रोजचा खाऊ नव्हे.

ऑगस्ट: तारल्यांचा घाणा

बंदी उठल्यावर भोपळ्याच्या जागी वाफवलेले तारले (सार्डिन मासे), 110 ग्रॅम, काटा बोटांनी चाचपून काढलेले. शिजलेला काटा ठिसूळ होऊन टोचतो, मिक्सरवर भरवसा नको. मासळी बर्फातलीच घ्यावी. तारले-बांगडे उन्हात राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. तारल्यात भोपळ्याहून पाणी बरंच कमी, त्यामुळे उकड काढताना 20-25 ग्रॅम पाणी वरून घालावं लागतं. 229 चा आकडा इथे लागू नाही. दोन वजनं जुळेपर्यंत सुकवायचं. तरीही माशाचं तेल लवकर खवट होतं, तेव्हा बरणी फ्रिजमध्येच. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी हा घाणा उरकलेला बरा. पुढे स्वयंपाकघर नेवऱ्यांचं (करंज्यांचं) असतं आणि सारणातल्या मनुका व जायफळ दोन्ही कुत्र्याला वर्ज्य. एकाच ओट्यावर दोन्ही कामं नकोत.