‘इशारा नाही’ वाचून मे महिन्यात रामटेक चढलो, त्याची हकीकत

पायऱ्या चढताना माझी मावसबहीण म्हणाली, “ताई, इथं बरंय गं, घामच येत नाही.” त्यानंतर पाऊण तासाने ती एका भिंतीला टेकून बसली होती. हातावर काटा आलेला, ओठ पांढरे, पोटात ढवळतंय म्हणत होती. नागपूरच्या चार दिवसांत सांगण्यासारखं बरंच आहे, पण मी लिहायला बसले ती या पाऊण तासासाठी.

आम्ही दोघी ठाण्याच्या. सह्याद्रीत वर्षाला आठ-दहा किल्ले होतात आणि एप्रिलमध्येही चढलेल्या आहोत. नागपूरजवळचा रामटेकचा गड म्हणजे आमच्या हिशेबी सकाळची रपेट. त्यामुळे चढाचं वर्णन करत नाही. ज्याला जिने चढता येतात त्याला तो चढता येतो. आमची फसगत चढाने केली नाही, फोनवरच्या दोन ओळींनी केली.

पहिली ओळ ‘जाणवणारे तापमान’. निघायच्या आदल्या रात्री ठाण्याला ३४ अंश होते आणि जाणवत होते ४३. नागपूरला ४३ अंश होते आणि जाणवत होते ४१. म्हटलं, मग आपण रोज यापेक्षा वाईट हवेत लोकलने जातो. हा आकडा हवेतल्या ओलाव्यावरून काढतात. किनाऱ्यावर ओलावा जास्त, घाम वाळत नाही, म्हणून आकडा वर जातो. नागपूरला मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की घाम कातडीवर दिसायच्या आत उडून जातो, म्हणून आकडा खाली येतो. पण तो आकडा काढताना तुम्ही सावलीत आहात असं धरलेलं असतं. तुम्ही उघड्या दगडावर, डोक्यावर सूर्य घेऊन चढणार आहात हे त्याला माहीत नसतं. आणि घाम दिसला नाही तरी पाणी जातच असतं. परत आल्यावर बहिणीच्या काळ्या कुर्त्यावर मिठाचे पांढरे पट्टे होते. ठाण्यात तोच कुर्ता ओला झाला असता आणि तिने आपणहून थांबून पाणी प्यायलं असतं. ओल्या हवेत अंग आधीच कुरकुर करतं, कोरड्या हवेत एकदम आडवं पाडतं. ४० च्या वर ‘जाणवणारे तापमान’ हा आकडा बघूच नका, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

दुसरी ओळ ‘इशारा नाही’. ही जास्त घातक. आम्ही हवामान विभागाचंच पान पाहिलं होतं आणि त्या दिवशी नागपूर जिल्हा हिरवा होता. हिरवा म्हणजे चला. परत आल्यावर नियम नीट वाचला. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० हवं आणि ते तिथल्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त हवं, तेव्हा उष्णतेची लाट म्हणतात. नाहीतर थेट ४५ गाठायला हवं. ४७ ला तीव्र लाट. किनाऱ्यावर ३७ पासूनच विचार सुरू होतो. आता नागपूरचं बघा. मेच्या शेवटी तिथली सरासरीच ४२-४३ च्या घरात असते. म्हणजे ४३ किंवा ४४ हे नागपूरच्या दृष्टीने नेहमीचं ऊन, लाट नव्हे. इशारा नसणं याचा अर्थ एवढाच की आजचं ऊन नागपूरकरांच्या सवयीतलं आहे. ते तुमच्या-माझ्या सवयीतलं आहे असं कुणीही म्हटलेलं नाही. विभाग बरोबर होता, आम्ही चुकीचं वाचलं. बाहेरून जाणाऱ्याने नागपूरचा हिरवा रंग स्वतःसाठी नारिंगी, म्हणजे ‘तयारीत राहा’चा इशारा, समजावा.

आता तो दिवस. सकाळी गाडीतून उतरलो, सामान लॉजवर टाकलं, एसटी पकडली. रामटेक नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर. अकरा वाजून गेले होते. तिथून गडावर गाडीरस्ता जातो, पण आम्हाला अंबाळा तलावाकडच्या पायऱ्यांनी जायचं होतं. तलावाकाठी लिंबूपाणी विकणाऱ्या बाई होत्या. आमच्याकडे बघून म्हणाल्या, “ताई, आत्ता चढून राहिल्या तुम्ही? ऊन उतरू द्या नं. चार-साडेचारला जा.” मी हसून “आम्हाला सवय आहे” म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं डोकं हलवलं. मला त्यांची ती मान अजून दिसते.

मेमध्ये तिथलं जंगल पानगळीचं, नुसत्या काड्या. सावली झाडांची नाही आणि भिंतींचीही नाही, कारण तो मेचा शेवटचा आठवडा होता. रामटेक साधारण साडेएकवीस अक्षांशाच्या जवळ आहे, त्यामुळे याच दिवसांत शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी बारा-सव्वाबाराला सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि माणसाची सावली पायाखाली जाते. आम्ही नेमक्या त्याच वेळी पायऱ्यांवर होतो. टोपीची सावली खांद्यांपर्यंतसुद्धा पुरत नव्हती.

वारा सुटला तेव्हा बरं वाटेल असं वाटलं. पण कातडी साधारण ३५ अंशांची असते. हवा त्याहून आठ अंशांनी गरम असेल तर वारा गार करत नाही, भट्टीचं दार उघडल्यासारखा अंगावर येतो. नागपूरच्या मुली स्कूटरवर डोळे सोडून सगळं डोकं-तोंड दुपट्ट्यात का गुंडाळतात ते मला तिथे कळलं. मी बाह्या वर करून चढत होते. हे अजिबात करू नका. पूर्ण बाह्यांचा सैल सुती कुर्ता, डोक्यावर टोपी नव्हे तर दुपट्टा, आणि तो ओला. पाच-सात मिनिटांत वाळतो, पुन्हा ओला करा.

पाणी कमी पडलं असं मात्र नाही. दोघींकडे मिळून पाच लिटर होतं आणि बहिणीने त्यातलं तीनच्या आसपास संपवलं. सगळं साधं. चूक तिथेच झाली. घामातून मीठ जातं, नुसतं पाणी ओतत राहिलं तर ते भरून निघत नाही. डोकं दुखणं, मळमळ, अंगावर काटा, सगळं तिने सांगितलं त्याच क्रमाने आलं. माझ्या बॅगेत ओआरएसची चार पाकिटं होती आणि ती मी ‘लागली तर’ म्हणून ठेवली होती. लागायची वाट बघायची नसते. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं, अर्ध्या बाटलीत घट्ट करून प्यायचं नाही. आणि दुकानात डब्यातलं गोड फळपेय कुणी ‘तेच आहे’ म्हणून दिलं तर घेऊ नका, औषधाच्या दुकानातून पाकीटच घ्या.

वर पोचलो तेव्हा देवळाशी चपला काढल्या. माझे तळपाय दुसऱ्या दिवशीही हुळहुळत होते. उन्हातला दगड हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, आणि हवामानाचा आकडा जमिनीपासून सव्वा मीटरवर, सावलीतल्या, झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत मोजलेला असतो. फरशीचा आकडा कुणी देत नाही. आमच्या बॅगांत सुती मोजे होते, चढताना घालायचे म्हणून आणलेले. ते घालायचं सुचलंच नाही.

बहिणीला सावलीत आडवं केलं, पाय उंच ठेवले, दुपट्टा भिजवून मानेवर आणि काखेत दिला, ओआरएस घोटाघोटाने दिलं. अर्ध्या तासाने ती सरळ बोलायला लागली. ती असंबद्ध बोलली असती, किंवा अंग तापून शुद्ध हरपली असती, तर तो उष्माघात आणि मग १०८ ला फोन करायचा. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. हे मला पाठ होतं आणि तरी माझे हात थरथरत होते.

खाली जायला रिक्षा केली. ती घेऊन गेली बसस्थानकापर्यंत आणि घेतले सहाशे रुपये. रिक्षावाल्याला बहिणीचा चेहरा दिसत होता, म्हणून भाव तो होता. अंतर जेमतेम काही किलोमीटर. मी दिले, वाद घातला नाही, पण राग आजही आहे. गडावर गाडीने जाणार असाल तर सकाळी खालीच, जाण्या-येण्याचे आणि थांबण्याचे पैसे ठरवून घ्या, वर अडकल्यावर ठरवू नका.

केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंहाची वाकाटककालीन देवळं याच टेकडीवर आहेत. दीड हजार वर्षांपूर्वीची, लाल दगडाची. मी खास त्यांच्यासाठी गेले होते आणि त्यांच्याकडे धड बघितलंही नाही. याचं दुःख रिक्षाच्या पैशांपेक्षा मोठं आहे.

त्या रात्रीबद्दलही लिहायला हवं. लॉजवाल्याने सगळ्यात वरच्या मजल्यावरची, कूलरची खोली दिली होती. ‘एसीपेक्षा गार’ म्हणाला. कूलर खरंच उत्तम चालतो, पण त्याचं गणित असं की बाहेरची कोरडी हवा ओल्या वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून आत यायला हवी आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जायला हवी. आमचा कूलर खोलीच्या आतच ठेवला होता आणि खिडकी बंद. तासाभरात खोली ठाण्यासारखी दमट झाली. वरून दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत उष्णता सोडत होता. बाहेर किमान तापमान ३१ च्या खाली गेलंच नाही. म्हणून म्हणते, अंदाज बघताना कमाल नंतर बघा, आधी किमान बघा. रात्री २६-२७ पर्यंत उतरत असेल तर अंग सावरतं आणि दुसरा दिवस झेपतो. ३० च्या वर राहत असेल तर दुसऱ्या दिवशीचा बेत अर्धा करा. खोली मधल्या मजल्यावरची मागा, कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला बसवलाय का ते पैसे देण्याआधी बघा. संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला असेल तर हवा ओली होते आणि कूलर निकामी होतो. त्या रात्री एसीच लागतो.

अंदाजाबद्दल आणखी एक. सनसनाटी आकड्यांवर जाऊ नका. ३० मे २०२४ ला नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. संवेदक बिघडला होता, हे नंतर हवामान विभागाने सांगितलं. आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९ दाखवले, तेही तीन अंशांनी जास्त निघाले. देशातला मान्य उच्चांक राजस्थानात फलोदीचा, १९ मे २०१६ चे ५१ अंश. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा विदर्भाचा जिल्हावार अंदाज येतो, तो बघा. त्यात आणि रोजच्या नोंदीत चार गोष्टी शोधा: कमाल, किमान, सरासरीपासूनचा फरक आणि संध्याकाळी साडेपाचची आर्द्रता.

उरलेले दिवस चांगले गेले. अजब बंगला, म्हणजे नागपूरचं जुनं संग्रहालय, पाहिला (सोमवारी बंद असतो), मेट्रो गार आहे आणि सीताबर्डीला दोन्ही मार्ग मिळतात, दीक्षाभूमीवर संध्याकाळी सातनंतर गेलो. तिथला शांतपणा शब्दांत पकडायला मला वेळ लागेल.

जाणाऱ्यांनी वेळापत्रक नागपूरकरांचं घ्यावं. मेअखेर सूर्योदय साडेपाचला होतो. साडेपाच ते साडेनऊ तुमचे. दहानंतर घरात, सगळ्यात वाईट वेळ बाराची नसून अडीच ते चारची, कारण तापलेली जमीन हवेला उशिरापर्यंत तापवत राहते. साडेपाचनंतर पुन्हा बाहेर. नवतपा २५ मेच्या सुमारास सुरू होतो, सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरचे नऊ दिवस. तारखा आधीच माहीत असतात, तेव्हा ते नऊ दिवस टाळता आले तर टाळाच. शरीराला अशा उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, तुम्ही गाडीतून उतरलेल्या दिवशी ती झालेली नसते. पहिल्या दिवशी कुठलाही चढ नको, कितीही छोटा असला तरी. लघवी गडद पिवळी दिसली तर त्या दिवसाचा बेत रद्द.

रामटेकला पुन्हा जाणार आहे, डिसेंबरात. बहीणही येणार म्हणते. मुक्काम रामटेकमध्येच करायचा आणि सकाळी पायऱ्यांनी चढायचं, असं ठरलं आहे. त्या लिंबूपाणीवाल्या बाई थंडीत तिथे बसतात का, ते परतताना विचारायचं राहून गेलं.